मागच्या खोलीतली चौदा पिंपं

३ मार्च

धाकटे,

पत्राच्या सुरुवातीला काय लिहितात ते मी चौदा वर्षांत विसरले. इकडे सर्व ठीक, तिकडची खुशाली कळव, एवढं धरून चाल. मी कामापुरतंच लिहिते आहे.

तुझा नवरा पाववाला आहे, पिठातलं त्याला कळतं, म्हणून त्याला एक विचारून सांग. बंद पिंपात ठेवलेला चौदा वर्षांचा गहू खाता येतो का?

प्रश्न वेड्यासारखा वाटेल, पण घरात अशी चौदा पिंपं उभी आहेत. मागच्या खोलीत, तुझी कॉट होती तिथून सुरुवात होऊन थेट खिडकीपर्यंत. तू गेल्यावर आईनं दर वर्षी एक भरलं. मी विचारलं की म्हणायची, ‘अडीअडचणीला असू दे.’ मी म्हणायचे, ‘अगं, अडचण हीच झाली आहे, खिडकी उघडायला मला पिंपावर चढावं लागतं.’ त्यावर ती ऐकू न आल्यासारखं करायची. ऐकू तिला शेवटपर्यंत चांगलं येत होतं.

आईला जाऊन आता सात महिने होतील. तुला कळलं असेलच.

तर झालं असं, की स्वयंपाकघरातली एक कोठी गेल्या आठवड्यात संपली. दुसरी, गेल्या वर्षीच्या गव्हाची, भरलेली आहे. पण आईचा नियम तुला ठाऊक आहे, जुनं आधी. नवा गहू घरात आला की तो वाळवून कोठीत बंद, आणि आपण खायचा गेल्या वर्षीचा. गेल्या वर्षीचा संपेपर्यंत नवा जुना झालेला. मी बावन्न वर्षांची झाले, पण त्या सालचा गहू त्या साली खाल्ल्याचं मला आठवत नाही. त्या नियमानं बघितलं तर घरातलं सगळ्यात जुनं एक नंबरच्या पिंपात. पण त्याला हात लावायचा नाही हाही आईचाच नियम. आता दोन्हींपैकी कुठला मोडायचा? दोन दिवस मी कामावरून आल्यावर चहाचा कप घेऊन त्या दारात उभी राहिले आणि झाकणांवरचे तेलरंगाचे आकडे वाचले. एक ते चौदा, चौदा ते एक. शेवटी रविवारी सकाळी एक नंबर उघडलं.

उघडलं म्हणजे काय, अर्धा दिवस गेला. आईची भरायची पद्धत तू विसरली नसशील. गव्हाला चार उन्हं दाखवायची. मग कोरड्या बाटलीत मूठभर गहू, चमचाभर मीठ घालून खळाखळा हलवायचं, आणि मीठ काचेला चिकटलं तर ओल आहे, पुन्हा गच्चीवर. नाही चिकटलं तर पिंप काठोकाठ भरून वर बशीत मेणबत्तीचा तुकडा पेटवायचा आणि झाकण लावायचं. मेणबत्ती आतली हवा खाते आणि विझते, किड्याला श्वास घ्यायला काही उरत नाही. मग झाकणाच्या कडेनं मेण. आमच्या बटणांच्या कारखान्यातला रंगवाला म्हणतो, मेणबत्तीनं सगळी हवा संपत नसते, बरीच उरते. आईसमोर म्हणाला असता तर त्यालाच पिंपात घालून तिनं झाकण लावलं असतं.

सुरीनं मेण खरवडलं. आत बशी, बशीत विझलेली मेणबत्ती. बाकी काही नव्हतं. चौदा वर्षं आपल्या घरात कपांना बश्या का नव्हत्या, ते मात्र कळलं. मी आपली भांडी घासणाऱ्या बाईवर संशय घेत होते.

गव्हाचं म्हणशील तर वरचा वीतभर थर नुसता भुसा, त्यात मेलेले सोंडे. खाली दाणा टणक. दाताखाली धरला तर टक् असा वाजला. वास कुबट नाही, पण ताजाही नाही. मी दळून आणला नाही अजून. माझं डोकं चालत नाही. दिवसभर कारखान्यात बटणं निवडायची, फुटकं इकडे, धड तिकडे, त्यात तीस वर्षांत माझी चूक निघाली नाही. आणि घरी पिंपाशी बसून मला धड कुठलं नि फुटकं कुठलं ते ठरवता येईना.

पिठाचं तेवढं विचारून कळव.

ताई


२२ मार्च

धाकटे,

तुझं उत्तर नाही. पत्ता बरोबर असेल असं धरून पुन्हा लिहिते.

पहिल्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नाही. बशीखाली चिठ्ठी होती. वहीच्या कागदाची, चौपदरी घडी, आणि आईच्या त्या वाकड्या अक्षरात एकच शब्द, ‘धाकटीचं’.

मी म्हटलं, असेल. पहिल्या वर्षी राग निवळला असेल आणि लिहिलं असेल. म्हणून दोन नंबर उघडलं. धाकटीचं. तीन नंबर. धाकटीचं. चौथ्याचं मेण खरवडतानाच मला आत काय आहे ते माहीत होतं.

आता तूच सांग, मी काय समजायचं? तू गेलीस त्या संध्याकाळी आई सूप घेऊन गहू पाखडत होती आणि तू म्हणालीस, ‘या घरात ताजं काही खायचंच नसतं का? मी चालले ताजं खायला.’ आणि गेलीस, पाववाल्याच्या मागे. आईनं सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, ‘गेली ती गेली.’ त्यानंतर या घरात तुझं नाव निघालं नाही. मी काढलं तरी ती उठून गॅलरीत जायची. मला वाटलं, विषय संपला. मी मनाशी म्हटलं, आता आपण दोघीच, आणि मी तिच्यासाठी राहिले. तेव्हा कारखान्यातून दुसऱ्या शहरात बदली मिळत होती, खोलीसकट. नाही म्हणून सांगितलं. ते तुला सांगायचं राहिलं, कारण तू नव्हतीस.

आणि इकडे ही बाई दर वर्षी नवा गहू, वाळवून, पाखडून, तुझ्या नावानं बाजूला काढते आहे! मला जुना. ज्या दाण्यातून सोंडे वेचून मी डोळे अधू करून घेतले तो जुना. घरात राहिली तिला शिळं आणि पळून गेली तिला ताजं, हा कुठला न्याय? मी इतकी वर्षं ते पिंप भरायला तिला हात लावला. एका बाजूनं मी धरायचे. मेण मी वितळवून द्यायचे. ती फक्त शेवटी म्हणायची, ‘जा, चहा टाक,’ आणि मी चहा टाकायला गेले की चिठ्ठी ठेवत असणार. बशी मागायचीसुद्धा नाही, आधीच पदराखाली असायची.

मला राग आला हे खरं लिहिते. एक ते चार नंबरची पिंपं मी कारखान्यामागे कोंबड्या पाळणारी आहे तिला दिली. ती म्हणाली, ‘ताई, एवढा चांगला गहू? घरात काही झालं का?’ मी म्हटलं, ‘किडलाय.’ किडलेला फक्त पहिल्याचा वरचा थर होता. बाकी तीन पिंपं आरशासारखी स्वच्छ होती. तुझा चार वर्षांचा गहू कोंबड्यांनी खाल्ला, धाकटे, आणि मी तिथे उभी राहून बघितलं. बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. वाईटही नीट वाटलं नाही.

चारही चिठ्ठ्या फाडून टाकल्या. पाचवं उघडलं आणि हात थांबला. ती चिठ्ठी सोबत पाठवते. तुझी आहे, तू ठेव. बाकीची नऊ मी उघडणार नाही. किंवा उघडीन. मला माझंच काही कळत नाही.

ताई


८ एप्रिल

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. तीन शब्द. ‘आई कधी गेली?’

कार्ड पिशवीत घालून मी कामावर गेले. दिवसभरात फुटकी बटणं धड बटणांत किती गेली असतील ते मोजू नये. सुपरवायझर बाई म्हणाली, ‘तब्येत बरी नाही का?’ मी म्हटलं, ‘चष्म्याचा नंबर बदललाय.’

ऑगस्टच्या एकोणीस तारखेला, दुपारी सव्वातीनला. अकरा दिवस दवाखान्यात होती. छातीत पाणी झालं होतं. त्रास झाला, पण शेवटी नाही झाला.

‘तुला कळलं असेलच’ असं मी लिहिलं होतं. तुला कोण कळवणार होतं? कळवायचं मीच होतं आणि मी कळवलं नाही. पत्ता नव्हता असं सांगणार होते. दोन वेळा तसं लिहून कागद फाडला. पत्ता होता. पहिल्या वर्षी तू पावाचं पार्सल पाठवलं होतंस, त्याच्या वेष्टनावरचा. पाव पोचेपर्यंत बुरशी धरली होती. आईनं तो दोन दिवस टेबलावर तसाच ठेवला, मग बुरशीकडचा भाग कापून उरलेला सगळा एकटीनं खाल्ला. मला दिला नाही. मी तो कागद घडी करून माझ्या कपाटात ठेवला. का ठेवला आणि का लिहिलं नाही, दोन्ही विचारू नकोस.

आता जे लिहायचं आहे ते लिहून टाकते, नाहीतर पुन्हा जमणार नाही. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी आईनं विचारलं, ‘धाकटीला कळवलंस?’ चौदा वर्षांत पहिल्यांदा तिनं तुझा उल्लेख केला, आणि तोही इतक्या सहज, की जणू तू शेजारच्या गल्लीत राहतेस. मी म्हटलं, ‘हो, पत्र टाकलंय.’ तोंडातून निघून गेलं. संध्याकाळी टाकू असं मनात होतं. संध्याकाळी टाकलं नाही. मला वाटलं, ही बरी होऊन घरी येईल, मग कशाला उगाच. सहाव्या दिवशी विचारलं, ‘उत्तर?’ मी म्हटलं, ‘टपालाला वेळ लागतो.’ नवव्या दिवशी नर्सला विचारत होती, भेटायला कुणी येऊन परत गेलं का म्हणून. दहाव्या दिवशी माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘राहू दे, तिला यायचं नसेल.’

‘मी कळवलंच नाही गं’ एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. दवाखान्याच्या खाली टेलिफोन होता, तुमच्या बेकरीचा नंबर त्या वेष्टनावर छापलेला होता. मी खाली गेले, रांगेत उभी राहिले, माझ्या पुढे एकच माणूस होता. मी रांग सोडून वर आले.

का? मी सात महिने विचार करते आहे. तुझा राग होता म्हणावं तर तेव्हा मी चिठ्ठ्या बघितल्या नव्हत्या, राग कशाचा? मला वाटतं, ते अकरा दिवस ती माझी एकटीची होती. रोज केस विंचरून द्यायचे, ती डोळे मिटून मान पुढे करायची. तू आली असतीस तर तिनं तुझ्याकडे मान वळवली असती, आणि मी पुन्हा चहा टाकायला गेले असते. हे कारण आहे की मी आता शोधून काढलेलं आहे, तेही मला सांगता येत नाही.

म्हणजे ती गेली ती तू येणार नाहीस असं समजून गेली. तुझा यात काही दोष नाही. तुला कुणी बोलावलंच नव्हतं.

आता तू मला काय हवं ते म्हण. गव्हाचं विचारलं होतं ते राहू दे.

ताई


२० एप्रिल

धाकटे,

तुझं काही आलं नाही. येईल असं मी धरलेलं नाही. पण एक गोष्ट तुला सांगितली नाही तर तुझ्यावर आणि आईवर, दोघींवरही अन्याय होईल, म्हणून हे लिहिते. आणि शेवटी एक काम आहे.

काल शनिवारी धान्यवाले काका आले. तेच, डावा पाय ओढत चालणारे, लहानपणी तू ज्यांच्या हातगाडीवर बसायचीस. आता टेम्पो आहे. दर वर्षी ते यायचे तेव्हा मी कामावर असायचे, सगळं आई बघायची. संध्याकाळी मला गच्चीवर पसरलेला गहू दिसायचा, खरेदीशी एवढाच माझा संबंध. कालच्या सुट्टीत पहिल्यांदा दार मी उघडलं.

आई गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. पायरीवरच बसले. पाणी दिलं, ते सगळं प्यायले. मग वही काढून म्हणाले, ‘मोठ्या ताई, मग यंदा काय करायचं? दर वर्षीचं तिघींचं असायचं.’

मी म्हटलं, ‘तिघींचं? काका, चौदा वर्षं आम्ही दोघीच होतो.’

‘ते मला माहीत आहे हो,’ ते म्हणाले. ‘धाकट्या ताई गेल्या त्या वर्षी मी बाईंना म्हटलं, आता एकीचं कमी करू या. बाई म्हणाल्या, तिघींचं टाका. दुसऱ्या वर्षी पुन्हा विचारलं. तर काय भडकल्या! म्हणाल्या, तुम्हाला गहू विकायचाय की माझ्या घरची शिरगणती करायची आहे? तिसऱ्या वर्षापासून मी विचारायचं सोडलं. तिघींचं म्हणून लिहायचो, त्या मान हलवायच्या.’

‘काका,’ मी विचारलं, ‘आणि उरलेल्याचं ती काय करते ते कधी म्हणाली का?’ ते म्हणाले, ‘म्हणाल्या ना एकदा. उरतंय ते फेकू कशी, ती आली की तिचं तिला देईन.’

तू माझ्यासारखीच गोंधळली असशील तर थांब, मी जसं मला उलगडलं तसं सांगते. आईनं तुझ्यासाठी वेगळं काही काढून ठेवलं नव्हतं. चांगलं तुला आणि वाईट मला असंही केलं नव्हतं. तिला फक्त दारात उभं राहून एका परक्या माणसाला ‘एकीचं कमी करा’ म्हणता आलं नाही. म्हटलं असतं तर तू गेलीस हे खरं झालं असतं. म्हणून दर वर्षी तिघींचं आलं. तिचा वाटा ती जेवली, माझा मी जेवले, तुझा उरला. उरला तो तिनं वाळवला, मिठाची बाटली हलवून बघितली आणि तुझं म्हणून लिहून ठेवला. हिशोबाला एवढं साधं होतं, आणि मी त्यावरून तिच्या माघारी तिच्याशी भांडत बसले. माझा वाटा मला दर वर्षी मिळत होता, धाकटे. तो खाऊन टाकल्यामुळे मला दिसला नाही.

काल संध्याकाळी मी पाचव्या पिंपातला गहू दळून आणला. तुझ्या नवऱ्याला विचारायची गरज नाही, पीठ चांगलं आहे. मळताना जरा जास्त पाणी पितं, एवढंच. तुझ्यातला घास घेतला म्हणून रागावू नकोस. चार पिंपं कोंबड्यांना घालून वर हे सांगायला मला लाज वाटायला हवी, पण मी एकटी ओट्याशी उभी राहून जेवले आणि रडले, आणि रडून झाल्यावर पुन्हा वाढून घेतलं. आईला खोटं सांगितल्याचं रडू वेगळं आहे. ते अजून आलेलं नाही. ते कधी येईल ते मला माहीत नाही.

थोडं कमी झालेलं पाचवं आणि न उघडलेली नऊ, अशी दहा पिंपं तुझी आहेत. घेऊन जा, विकून टाक, इथेच ठेव. तू स्वतः न येता नुसता माणूस पाठवलास तरी मी देईन, आणि काही विचारणार नाही.

आता काम. काकांनी वही उघडून पेन्सिल लावली आणि विचारलं, ‘मग किती जणींचं लिहू?’ सोपा प्रश्न. एकटी बाई, एकीचं. तोंड उघडलं. ओठाशी ‘तिघींचं’ येऊन उभं राहिलं होतं. मला एकदम आईची भीती वाटली, म्हणजे मी तीच होत चालले आहे याची. मी म्हटलं, ‘काका, पुढच्या शनिवारी सांगते.’ ते म्हणाले, ‘बाईंनी कधी इतका वेळ घेतला नाही.’

आई गेली, हे मी काकांना सांगितलं तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. तिचं कमी करा हे मी म्हणू शकेन. जड जाईल, पण म्हणेन. माझं तर लिहायचंच आहे. राहिलीस तू. तुझं माझ्या मनानं लिहिलं तर ते पुन्हा पिंपात जाणार, आणि नको म्हणून सांगितलं तर मी तुला दुसऱ्यांदा घरातून काढल्यासारखं होईल. एकदा मी तुला न विचारता ठरवलं. पुन्हा ठरवणार नाही.

तू येऊन राहावंस असं मी म्हणत नाही. माफ कर असंही म्हणत नाही, ते मागायची माझी लायकी नाही. वर्षातून चार दिवस येऊन इथे जेवशील का, एवढंच विचारते. यंदाचा गहू आला की आपण त्याच आठवड्यात दळून आणू. नियम मी मोडते.

शनिवारी सकाळी दहाला ते येतात. त्याच्या आत कार्ड टाक. तीन शब्दसुद्धा नकोत, एक पुरे. एकीचं लिहू की दोघींचं?

ताई